इम्युनोथेरपीनंतरचे जुलाब

“आजोबांना परवापासून जुलाब होत आहेत, पाणी बाधले असावे.” पावसाळ्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मात्र आपल्या घरातील रुग्णाला कर्करोगासाठी इम्युनोथेरपी चालू असेल, किंवा काही महिन्यांपूर्वी ती संपली असेल, तर पाण्याला दोष देण्यापूर्वी आपण थांबावे.

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही जैविक औषधे केमोथेरपीप्रमाणे कर्कपेशींना थेट मारीत नाहीत. आपल्याच प्रतिकारपेशींना शरीराने घातलेला लगाम ती सैल करतात. या तत्त्वाच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. परंतु लगाम सुटलेल्या पेशी कधी आतड्यावर, कधी फुप्फुस, यकृत वा थायरॉईडवरही चालून जातात. मग जुलाब, कोरडा खोकला, धाप, गडद लघवी किंवा न ओसरणारा थकवा दिसू लागतो. हा थकवा तर आपण हमखास वयाच्या खात्यावर मांडतो!

उलव्याहून बेलापूरला गाडी बदलून खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये उपचारांसाठी जाणाऱ्या कुटुंबांना हे औषध परिचित असेल. एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम दिले जाणारे निवोलुमॅब, डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊनही लाभते, असे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. महागडा उपचार त्यामुळे सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. मात्रा अल्प म्हणून धोका नाही, असे मात्र समजू नये.

जुलाबाची गोळी परस्पर देऊन वाट पाहणे येथे घातक ठरू शकते. कारण दाह वाढत गेला तर आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. वेळीच कळविल्यास स्टिरॉइडने तो बहुधा आटोक्यात येतो. ते स्टिरॉइडही बरे वाटताच एकाएकी बंद करू नये. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात. प्रतिकारशक्ती ‘वाढविणारे’ काढेही डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत.

अपरात्री जवळच्या दवाखान्यात जावे लागले, तर तेथे “केमो चालू आहे” एवढेच सांगून भागत नाही. इंजेक्शनचे नाव आणि शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात ठेवावा व तोच प्रथम दाखवावा.