पृथ्वी पाडण्याची नोटीस

विनोदी पुस्तक म्हटले की चांगला शिकलेला माणूससुद्धा ते वेळ घालवण्याचे साधन समजतो. त्यात ती विज्ञानकथा असली, तर 'पोरांचे वाचन' म्हणून बाजूला सारतो. आज अशाच एका पुस्तकाविषयी दोन शब्द लिहायचे आहेत. ते १९७९ साली निघाले आणि आजही जगभर आवडीने वाचले जाते. गंभीर चेहऱ्याची कितीतरी पुस्तके या काळात विस्मरणात गेली. मग हे का टिकले?

पुस्तकाचे नाव 'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलेक्सी'. वाटेत दिसेल त्या वाहनाला हात दाखवून फुकट प्रवास करणाऱ्यांसाठी आकाशगंगेची मार्गदर्शिका, असा त्याचा अर्थ. लेखक डग्लस ॲडम्स हे इंग्लंडचे. जन्म १९५२ सालचा, केंब्रिजचा. ही कथा आधी पुस्तक नव्हतीच. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर ती श्रुतिकेच्या रूपाने सुरू झाली. लोकांना आवडली, म्हणून कादंबरी झाली. १९९२ पर्यंत एकूण पाच भाग निघाले.

गोष्ट अशी. आर्थर डेंट नावाचा साधा माणूस सकाळी उठतो, तो दारात बुलडोझर उभा. बाह्यवळण रस्त्यासाठी त्याचे घर पाडायचे आहे. तो चिखलात बुलडोझरसमोर आडवा पडतो. अधिकारी म्हणतो, नकाशे नऊ महिने कचेरीत लावलेले होते, हरकत का नोंदवली नाही? लावले कुठे होते, तर तळघरात, बंद पडलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटात!

खरी गंमत पुढे आहे. त्याच दिवशी वोगॉन नावाच्या परग्रहवासीयांची जहाजे आकाशात येतात. त्यांना अंतराळातला रस्ता काढायचा आहे आणि पृथ्वी मध्ये येते. लोक आरडाओरडा करतात. उत्तर तेच मिळते. नकाशे पन्नास वर्षे अल्फा सेंटॉरीच्या कचेरीत लावलेले होते, तुम्ही पाहायला आला नाहीत हा तुमचा दोष. अल्फा सेंटॉरी म्हणजे आपल्यापासून चार प्रकाशवर्षांहून दूर असलेले तारे! नोटीस कायदेशीर, मुदत संपलेली, आणि पृथ्वी नाहीशी.

मी स्वतः कारकून आहे. नोटीस फलकावर लावणे आणि माणसाला ती कळणे, यातले अंतर मला रोज दिसते. म्हणून हे प्रकरण वाचताना आधी हसू आले आणि मग हात थांबला. वोगॉन हे काही राक्षस नाहीत. ते नियमाने वागणारे आहेत. तीन प्रतींत हुकूम आल्याशिवाय ते बुडणाऱ्यालाही हात देणार नाहीत. अन्याय करायला दुष्टपणाच लागतो असे नाही, नुसती फाईलही पुरते. ही गोष्ट ॲडम्स यांनी उपदेश न करता सांगितली.

दुसरे पात्र मार्विन नावाच्या यंत्रमानवाचे. त्याची बुद्धी अफाट. काम मात्र दार उघडण्याचे, कोणाला बोलावून आणण्याचे, पुढच्या भागात तर गाड्या लावण्याचे. म्हणून तो कायम उदास. वाचक त्याच्यावर हसतो. पण योग्यता असून ज्याला आयुष्यभर हलकी कामेच सांगितली गेली, त्याला त्या हसण्यातली कळ लगेच ओळखू येईल.

तिसरा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. जीवनाचे, विश्वाचे आणि सगळ्याचे उत्तर काय, असे एका महासंगणकाला विचारतात. तो पंचाहत्तर लाख वर्षे विचार करतो आणि सांगतो, ४२. सगळे थक्क! मग लक्षात येते की मुळात नेमका प्रश्न काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. या आकड्यात लोकांनी पुढे नाना गूढ अर्थ शोधले. ॲडम्स यांनी मात्र सांगून टाकले की ती गंमत होती, एक साधा आकडा हवा होता, तो घेतला. आपली मुले परीक्षेसाठी उत्तरे पाठ करतात. प्रश्न विचारायला त्यांना शिकवतो कोण?

आता टिकण्याचे कारण पाहू. भविष्यातल्या यंत्रांवर उभी असलेली विज्ञानकथा, ती यंत्रे प्रत्यक्षात आली की शिळी होते. ॲडम्स यांच्या कथेतली मार्गदर्शिका हातात मावणारे, माहिती सांगणारे यंत्र आहे. आज तसे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी पुस्तक जुने झाले नाही, कारण त्यातला विनोद यंत्रावर नाही, माणसाच्या स्वभावावर आहे. यंत्रे बदलली, कचेऱ्या त्याच राहिल्या.

शिवाय हा विनोद दुबळ्याची टर उडवत नाही. त्याचा रोख कचेरीवर, सत्तेवर, स्वतःला शहाणे समजणाऱ्यांवर आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या थट्टेचा विषय व्हावे लागले, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

पुस्तकात उणिवा आहेत. कथानक सैल आहे. ट्रिलियन ही शिकलेली, शास्त्रज्ञ स्त्री, पण पहिल्या भागात तिला फारसे काम नाही. घरातल्या मुलींनी हे वाचताना जरूर लक्षात घ्यावे.

११ मे २००१ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी ॲडम्स गेले. अंतराळप्रवाशाजवळ टॉवेल हवाच, अशी पुस्तकात एक गंमत आहे. त्यावरून त्याच वर्षापासून २५ मे रोजी त्यांचे वाचक टॉवेल जवळ बाळगून त्यांची आठवण काढतात. थोर माणसांचे पुतळे उभे राहतात. या लेखकाच्या वाट्याला आला टॉवेल! त्यांना तो आवडला असता, असे वाटते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात बसून एखादे पुस्तक वाचताना एकटीच हसत असेल, तर रागावू नका. काय वाचतेस, एवढे विचारा. आणि कचेरीच्या फलकाजवळून जाताना क्षणभर थांबून नोटीस वाचायलाही विसरू नका.