पाचटाची आग, चिपाडाचा उजेड

दसरा जवळ आला की पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचा सोहळा होतो. एखाद्या संचालकाच्या हस्ते सपत्नीक पूजा होते, नारळ फुटतो, भट्टीत पहिला जाळ धरला जातो. गाळप सुरू झाले की याच भट्टीत उसाची चिपाडे पडू लागतात. रस काढून उरलेल्या या भुशावर कारखाना चालतो आणि शिलकीची वीज महावितरणच्या तारांतून गावाकडे जाते. दिवाळी सरून दीड-दोन महिने झाले की त्याच कारखान्याच्या परिसरात रात्रीच्या एसटीतून जाणाऱ्याला दुसरी आग दिसते. तोड झालेल्या फडातले पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलेले असते. तासाभरात रान मोकळे होते. सकाळी उरते काळी राख, करपलेला बांध आणि घशात बसलेला धूर.

ऊस तोच, शेतकरी तोच. मग चिपाडाच्या वाट्याला भट्टी आणि पाचटाच्या वाट्याला आगकाडी, असे का झाले?

चिपाड कारखान्याच्या आवारात आयतेच साठते, हे एक कारण. पण एवढ्याने वीज गावात पोचत नाही. त्यासाठी उच्च दाबाचे बॉयलर लागले, बॉयलरसाठी कर्ज लागले आणि बँकेने कर्ज द्यावे म्हणून विजेचा ठरलेला दर व खरेदीचा करार लागला. तो दर वीज नियामक आयोगाने ठरवला, करार सरकारी वीज कंपनीने केला. पाचटाच्या मागे असे कोणी उभे राहिले नाही. या दोन आगींमधले अंतर हाच यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे: कचऱ्यापासूनची ऊर्जा, जैवइंधने, त्यांवरचे संशोधन आणि सरकारने त्यामागे किती काळ उभे राहायचे हा प्रश्न.

पाचटाकडे कोणी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. पुण्यात ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ म्हणजे ‘आरती’ ही संस्था उभी करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी त्याचा कोळसा करून दाखवला. बंद पिंपात पाचट ठासून भरायचे, बाहेरून पाचटाचाच जाळ द्यायचा, पिंपात उरलेली कोळशाची पूड खळीत कालवून तिच्या कांड्या पाडायच्या. भट्टी शेतातच न्यायची, म्हणजे पाचट वाहून नेण्याचा खर्च वाचतो. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

दुसरा ॲशडेन २००६ मध्ये आला, तो स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या बायोगॅस संयंत्रासाठी. बाजारात मिळणाऱ्या पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या घ्यायच्या. मोठीत कालवलेले खरकटे, तिच्यात लहान टाकी उपडी. गॅस साठेल तशी वरची टाकी हळूहळू उचलली जाते, गॅस वापरला की खाली बसते. आज चहा होईल की सगळा स्वयंपाक, हे टाकीच्या उंचीवरूनच कळते. कर्व्यांचे म्हणणे साधे होते. शेणातला पचण्याजोगा भाग गुराने आधीच पचवलेला असतो, मग जीवाणूंना शिळा भात, पीठ, किडके धान्य असे ताजे खाद्य का देऊ नये? दोन किलो पिठूळ खरकट्यातून दिवसभरात मिळणाऱ्या मिथेनसाठी शेण चाळीस किलो आणि दिवसही चाळीस लागतात, असे ‘आरती’चे मोजमाप होते.

या विचाराचे मूळ महाराष्ट्रात फार जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला गेला. जगातल्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीत, सगळ्यांनी नाक मुरडावे अशा वस्तूतून कामाचा वायू मिळाला, ही हकिकत शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅस गावोगावी नेला. आणि देहूत प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर आयुष्यभर एकाच प्रश्नाला भिडले. उघड्यावर शौचाला बसण्यातून येणारे रोग गोळ्यांनी हटणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. शौचालय-सुधारणेसाठी झटलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामाचा धागा त्यांनी धरला, शौचालये बांधून घेतली आणि मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र घडवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अशी माणसे असताना आपली शहरे कचऱ्याच्या डोंगराखाली का आहेत? १९२७ पासून भरत आलेली देवनारची कचराभूमी जानेवारी २०१६ मध्ये पेटली, तेव्हा तिचा धूर उपग्रहांनी टिपला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे अंगावर घेणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. पैसा नव्हता म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही. पैसा अनेकदा खर्च झाला, पण अभ्यासाच्या आधी झाला.

दिल्लीच्या तिमारपूरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९८७ मध्ये तिथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर, रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज काढणारा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांतच थंडावला. यंत्र तिकडच्या कोरड्या, कागद-पुठ्ठ्याने भरलेल्या कचऱ्यासाठी घडलेले होते. इथे आली भाजीची देठे, साली, माती आणि ओल. कागद, प्लॅस्टिक असे जळण्याजोगे आणि विकण्याजोगे कचरावेचकांनी आधीच उचललेले होते. दिल्लीकरांच्या बादलीत काय असते, हे निविदा काढण्यापूर्वी वर्षभर, तिन्ही ऋतूंत मोजले असते तर हा प्रकल्प कागदावरच थांबला असता.

मोगली एरंडाची कथा याच वळणाची. २००३ मध्ये नियोजन आयोगाने त्याच्या तेलापासून बायोडिझेलची मोठी मोहीम सुचवली, २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय भरघोस बिया येतील, असे गृहीत धरले गेले. सुधारित वाण तयार नव्हते, खात्रीचा खरेदीदार नव्हता आणि झाडाने पाण्याशिवाय फळायला नकार दिला. विश्वासाने रोपे लावलेल्या शेतकऱ्यांनी ती उपटून टाकली.

इथेनॉलचे तसे झाले नाही. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात झाले. २००३ पासून महाराष्ट्र, गोव्यासह नऊ राज्यांत मिश्रण सुरू झाले, तरी २०१३-१४ मध्ये देशातले प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. मग सरकारने खरेदीचा दर आधी जाहीर करायला सुरुवात केली, आसवनीच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलला, तेल कंपन्यांना खरेदीला बांधून घेतले. २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. सरकार एका धोरणामागे सलग दहा वर्षे उभे राहिले तर काय होते, ते मळीच्या या व्यवसायाने दाखवले.

त्याची किंमतही मोजून सांगितली पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात हा आकडा नुसता आकडा राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या चिंतेने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले आणि कर्ज काढून आसवनी वाढवलेले कारखाने अडचणीत आले. त्यानंतर मक्याचा वाटा वाढला, तेव्हा मका महागल्याची तक्रार कुक्कुटपालकांनी केली. अन्न आणि पाणी यांच्याशी स्पर्धा न करणारे इंधन हवे असेल तर वाट पुन्हा पाचटाकडे, पेंढ्याकडे, खरकट्याकडे येते.

ही वाट संशोधनाची आहे आणि संशोधन हळू चालते. पेंढ्यातली साखर सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. तिला सोडवायला आधी आम्ल, वाफ आणि दाब लागतो, मग विकरे लागतात, आणि पेंढ्याबरोबर आलेली माती व सिलिका यंत्रे झिजवते. माटुंग्याच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चाललेल्या केंद्रात प्रा. अरविंद लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. त्यातून २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे रोज दहा टन जैवभार वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने स्वतःचे तंत्रज्ञान विकसित केले. त्यावर उभा राहिलेला इंडियन ऑइलचा पानिपत प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची रचना आहे.

या कामासाठी २०१९ मध्ये प्रधानमंत्री जी-वन योजना आली. तिच्या १,९६९ कोटी ५० लाखांपैकी १,८०० कोटी बारा व्यापारी प्रकल्पांसाठी होते, दहा प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी १५० कोटी. जिथे चुका स्वस्तात व्हायच्या, तिथे व्यापारी प्रकल्पांच्या बाराव्या हिश्श्याचा पैसा. पहिल्या चुका पानिपतसारख्या नऊशे कोटींच्या कारखान्यात करण्यापेक्षा पंधरा कोटींच्या दहा नव्हे, पन्नास प्रकल्पांत होऊ द्याव्यात, असे संपादक मंडळाचे आग्रही मत आहे. त्यांतले बरेच फसतील. त्यांचे आकडे जाहीर झाले तर तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणू नये.

दुसरा आग्रह अनुदानाच्या रीतीबद्दल. फीत कापताना पैसे देण्यापेक्षा प्रकल्प चालू राहील तसे द्यावेत. २०१८ च्या ‘सतत’ योजनेत कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे पाच हजार प्रकल्प ठरले होते, सुरू झालेले मात्र अजून शेकड्यांतच मोजावे लागतात. अलीकडे दोन गोष्टी योग्य दिशेने झाल्या. प्रकल्पातून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये मदत मिळू लागली, आणि सीएनजी व घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅसचा वाटा २०२५-२६ मध्ये एक टक्क्यापासून २०२८-२९ मध्ये पाच टक्क्यांपर्यंत नेण्याचे बंधन आले. इंदूरमध्ये २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, त्यामागेही खरेदीची अशीच हमी आहे. घरोघरी कचरा वेगळा होतो, आणि किमान निम्मा गॅस महापालिकेने शहर बससाठी आधीच बोलून ठेवला. होळकरांच्या नगरीला जमले ते पुण्या-मुंबईला, नाशिक-नागपूरला जमायला हवे.

पाचटाबाबत मात्र घाई नको. ते सगळेच उचलून इंधन करावे, असे हा अंक म्हणत नाही. सरीत पसरून कुजवलेले पाचट ओल धरते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवते. किती ठेवायचे, किती न्यायचे, काळ्या जमिनीत किती आणि हलक्या रानात किती, हे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटपासून कृषी विद्यापीठांपर्यंत सर्वांनी तालुकावार सांगावे, आणि त्यासाठी त्यांना दहा वर्षांचा निधी एकदम मिळावा.

पुढच्या पानांत या विषयाची अनेक अंगे वाचकांना भेटतील, सोबत नेहमीप्रमाणे कथा, कविता आणि व्यंगचित्रे आहेतच. 

अंक हाती पडेल तेव्हा बीडच्या गावांतून ऊसतोड टोळ्या बाहेर पडत असतील. वाढे बैलांपुढे पडतील, ऊस गव्हाणीत जाईल, पाचट फडात राहील. जानेवारीत त्याला काडी लावण्याआधी शेतकऱ्याला विचारायला कोणीतरी यावे, हातात दर घेऊन यावे, ही या दिवाळीची इच्छा.