कॅडिलॅकची थंड हवा आणि आमचे संपादक

जुन्या मोटारगाड्यांच्या जीर्णोद्धाराविषयीचे लेखन आम्ही गेली काही वर्षे आवडीने वाचतो. आमच्यापैकी कोणाकडेही अशी गाडी नाही, आणि प्राध्यापकी पगारात ती यायचीही नाही. तरीही वाचतो, कारण ‘संहिता’, ‘पाठ’, ‘प्रत’ हे शब्द वर्गात उच्चारताना जे प्रश्न आम्ही टाळतो, ते तिथे ग्रीसने माखलेल्या हातांना टाळता येत नाहीत. गाडीतल्या थंड-गरम हवेच्या बाबतीत तर मुळीच नाहीत.

१९६४च्या कॅडिलॅकचे उदाहरण घेऊ. त्या मॉडेलमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ नावाची यंत्रणा आली. चालकाने चकतीवर हवे ते तापमान लावायचे, पुढचे सारे यंत्राने पाहायचे. तापमान जोखणारे थर्मिस्टर, त्यांचा क्षीण संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्या संकेतानुसार व्हॅक्यूमच्या जोरावर हवेच्या झडपा हलवणारी जोडणी, असा तो संसार. त्यात थंडी आणि ऊब ही दोन वेगळी खाती नाहीत. हवा आधी इव्हॅपोरेटरवर गार व कोरडी होते; मग तिचा हवा तेवढाच भाग इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेल्या हीटर कोअरमधून फिरून पुन्हा तिच्यात मिसळतो. म्हणून ‘एसी गार करत नाही’ अशी तक्रार आली की उतावळा मेकॅनिक गॅस भरतो, आणि दोष निघतो तो बंद न होणाऱ्या हीटरच्या व्हॉल्व्हमध्ये, तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत किंवा झडपांच्या कडांवरच्या, साठ वर्षांत भुगा झालेल्या फोममध्ये. यंत्रणा आधी वाचावी लागते. (आमच्या एम.ए.च्या वर्गातही गॅस भरणारेच अधिक.)

या कामात दोन पंथ आहेत. पहिला शुद्धतावाद्यांचा. त्यांना मूळचाच वायू हवा, म्हणजे आर-१२. हा वायू ओझोनच्या थराला मारक ठरला, १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने त्यावर टाच आली आणि अमेरिकेत त्याचे नवे उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबले. शिलकी आणि जुन्या यंत्रांतून काढून घेतलेला वायू प्रमाणपत्रधारक मेकॅनिक आजही भरू शकतो. कायदा आड येत नाही, किंमत येते. दुसरा पंथ सोयवाद्यांचा. ते डॅशबोर्डखालची मूळ पेटी, झडपा, नळ्या सारे उपटून भंगारात देतात, तिथे आजचे आयते किट बसवतात, आणि वरची चकती तेवढी जुनीच ठेवतात. बाहेरून १९६४, आतून आज. या प्रकाराला त्या जगात ‘रेस्टोमॉड’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि हे नाव लावून कोणी तो केला तर आमची काहीच हरकत नाही. आमचे भांडण आहे ते हेच काम ‘रिस्टोरेशन’ म्हणून विकणाऱ्यांशी.

शुद्धतावाद्यांविषयी आम्हांला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे आम्हांला पटत नाही. वायू म्हणजे यंत्रणा नव्हे. आर-१२च्या जागी आर-१३४ए घालता येतो. मात्र जुन्या खनिज तेलाशी त्याचे जमत नाही, म्हणून तेल बदलावे लागते; ओलावा शोषणारा ड्रायर बदलावा लागतो; जुन्या रबरी नळ्यांतून तो अधिक झिरपतो; उन्हात गाडी उभी असताना मूळ कंडेन्सर त्याला अपुरा पडतो. हा नवा वायूही निष्पाप नाही, तापमानवाढीत त्याचा वाटा आहेच. पण एवढे बदल करूनही हवेची वाट, झडपांचा क्रम, ऊब आणि गारवा मिसळण्याची रीत जागेवर राहते. याला आम्ही जीर्णोद्धार म्हणू.

आणि असा बदल करणाऱ्यावर अमेरिकेतला नियम एक बंधन घालतो, ते आमच्या संपादकांनी भिंतीवर टांगून ठेवावे. नव्या वायूसाठी वेगळी तोटी बसवायची, आणि बॉनेटखाली लेबल चिकटवायचे. त्यावर बदल कोणी केला, कोणत्या तारखेला, कोणता वायू भरला, किती भरला, तेल कोणते घातले, हे सारे लिहायचे. पुढे गाडी उघडणाऱ्या अनोळखी माणसाला अंदाज करत बसावे लागू नये, इतका साधा हेतू.

आता आमच्याकडे या. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. नवे लेखन त्या नियमांनी व्हावे, हे ठीकच. पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतूनही अनुस्वार गेले, आणि ते कोणी, कधी, कोणत्या आवृत्तीत काढले याचा उल्लेख किती पुस्तकांत सापडतो? जुन्या लेखनात ‘घरांत’ हे एकवचनही असे आणि अनेकवचनही. आज ‘घरात’ की ‘घरांत’, हे संपादक ठरवतो आणि मूग गिळून बसतो. ‘तें आलें’ म्हणजे एखादे मूल. ‘ते आले’ म्हणजे अनेक जण किंवा आदरार्थी एक. टिंबे पुसली की दोन्ही एकच. अभ्यासक्रमाला लावलेल्या एका जुन्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीत नेमके असेच वाक्य होते. लेखक इथे एका पोराला ‘अहोजाहो’ का करतो, असे एका विद्यार्थिनीने विचारले. आम्ही उपरोध वगैरे सांगून वेळ मारून नेली. जुनी प्रत काढून पाहिली तेव्हा उपरोध कुठेच नव्हता, दोन टिंबे होती. तासावर जाऊन चूक कबूल करावी लागली.

प्रकाशकाला पत्र लिहिले. ‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’ असे उत्तर आले. सोयीला आमचा विरोध नाही. पण मग मुखपृष्ठावर ‘मूळ संहिता’ कशाला छापायचे?

तूर्त आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या त्या कादंबरीच्या अकरा प्रतींत, आतल्या पानावर एकेक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘लेखन बदलले आहे. बदल करणाऱ्याचे नाव: दिलेले नाही. तारीख: दिलेली नाही.’ ग्रंथपालांनी शिक्का मारून दिला.