चित्रे कोणाची?

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा महाराष्ट्राचे मन उचंबळून आले. परंतु ती आली तीन वर्षांच्या बोलीने. मालकी लंडनचीच राहिली. अशा प्रसंगी, वस्तू खरोखर कोणाची, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. जेथे वस्तू घडविणारा माणूसच समोर उभा राहून ती मागतो, तेथे तरी उत्तर सोपे असावे असे कोणासही वाटेल. ते तसे नाही, हे दीना बॅबिट या चित्रकर्तीच्या कहाणीवरून दिसते.

चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे १९२३ साली जन्मलेली ही ज्यू मुलगी कलेची विद्यार्थिनी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये नाझींनी तिला व तिच्या आईला आउश्वित्सच्या छळछावणीत नेले. तेथील मुलांच्या बराकीच्या भिंतीवर तिने हिमगौरी आणि सात बुटके रंगविले. ही वार्ता डॉ. मेंगेले याच्या कानी गेली. जिप्सी, म्हणजे रोमा, कैद्यांच्या कांतीचा वर्ण छायाचित्रांत यथातथ्य उतरत नाही, अशी या क्रूरकर्म्याची तक्रार होती. त्याने दीनाला त्यांची चित्रे काढावयास बसविले. आईला जीवदान नसेल तर आपण विजेच्या तारेवर प्राण देऊ, असे या एकवीस वर्षांच्या मुलीने त्यास सांगितले. मार्च १९४४ मध्ये त्यांच्या तुकडीतील सुमारे पावणेचार हजार माणसे विषारी वायूने मारली गेली, मायलेकी वाचल्या.

त्या चित्रांपैकी सात उरली. सहा १९६३ मध्ये आणि सातवे १९७७ मध्ये आउश्वित्सच्या संग्रहालयाकडे आले. १९७३ मध्ये संग्रहालयाने दीनाबाईंचा शोध लावून त्यांना कळविले. चित्रे नेण्यासाठी बाई अमेरिकेहून बॅग घेऊन पोलंडला गेल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांची बाजू उचलली, शेकडो व्यंगचित्रकारांनी निवेदन केले. संग्रहालय बधले नाही. २९ जुलै २००९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, बाई ती चित्रे न मिळताच वारल्या.

संग्रहालयाची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री छावणीतील उरलेले चार हजारांवर रोमा एकाच वेळी मारले गेले. त्या समाजाच्या संहाराचे पुरावे आधीच थोडे. त्यांत ही चित्रे अमोल आहेत आणि ती घटनास्थळीच असावीत, असे संग्रहालय म्हणते. रोमांच्या संघटनांनीही ती हलविण्यास विरोध केला. हे लोक आपल्याला परके नव्हेत. त्यांचे पूर्वज भारतातून गेले आणि आजही ते 'दुय, त्रिन' असे अंक मोजतात. त्यांच्या स्मृतीविषयी बेपर्वाई आपणांस शोभणार नाही.

तथापि पुरावा जपणे निराळे आणि निर्मातीचा हक्क नाकारणे निराळे. ही चित्रे हुकमावरून काढलेली होती, सबब त्यांवर तिचा हक्क नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या बजाजनगरातील कामगारही कारखान्यात घडविलेला माल घरी नेत नाही, हे खरे. परंतु तो स्वेच्छेने कामावर जातो आणि श्रमाचे दाम घेतो. मृत्यूच्या दारात उभे करून करविलेल्या कामास करार म्हणावयाचे, तर जुलमाचा हुकूमच आपण कायदा म्हणून मान्य केला असे होईल. खाजगी घरात अशा वस्तू सुरक्षित राहत नाहीत, हा आक्षेपही सर्वस्वी खरा नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरील चित्तप्रसाद यांच्या चित्रांच्या पुस्तिका इंग्रज सरकारने जाळल्या. त्यांतील एक प्रत वाचली ती त्यांच्या कुटुंबाने जपली म्हणून.

मग मार्ग कोणता? आमच्या मते संग्रहालयाने प्रथम मालकी मान्य करावयास हवी होती आणि नंतर चित्रे ठेव म्हणून मागावयास हवी होती. 'ही तुमची आहेत; आमच्याकडे राहू द्याल काय?' असे म्हटल्याने संग्रहालयाची मान खाली गेली नसती. काही चित्रे निर्मातीच्या हयातीपुरती तिच्या घरी, बाकीची छावणीत, अशी वाटणीही होऊ शकली असती. जिला प्राण वाचविण्यासाठी कुंचला धरावा लागला, तिला उतारवयात तीच चित्रे भिंतीवर पाहण्याचे समाधान नाकारून इतिहासाची कोणती सेवा झाली?

दीनाबाई गेल्या, त्यांच्या मुली मागे आहेत. मालकी मान्य करण्यास अजूनही उशीर झालेला नाही. आपल्याकडील संग्रहालयांनीही यातून धडा घ्यावा. ज्या कृतीचा कर्ता हयात आहे, तिच्याविषयी पहिला शब्द त्याचा असावा, आणि तो त्याच्या हयातीतच विचारला जावा. वाघनखे उसनी आणताना ज्याच्या मनाला खंत वाटली, त्याला दीनाबाईंचे दुःख समजावून सांगण्याची गरज पडू नये.