घरचे खुराडे : लाकूड कोणते घ्याल?

शहापूर-मुरबाडकडे कोंबड्यांचे खुराडे बहुधा पडवीत किंवा भिंतीला लागून असते. अंडी आणि सांडलेले दाणे यांपायी तिथे उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. म्हणून खुराड्याचे लाकूड पारखून घ्या.

पायांना सागाचा गाभा उत्तम. त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीकडचे पांढरे लाकूड मात्र तासून टाका, ते सागाचे असले तरी पोखरले जाते. ऐन मजबूत, पण जड आणि चिरणारा. खिळ्याआधी भोक पाडून घ्या. शिवण हलकी, वाळल्यावर फारशी वाकत नाही. दाराला, फळ्यांना तीच घ्या. आंबा, सावर स्वस्त, पण ओलीपुढे आणि किडीपुढे टिकत नाहीत. ओले लाकूड वापरूच नका. वाळताना ते आकसते, फटी पडतात, आणि बोटभर फटीतून मण्यारीचे पिल्लू सहज शिरते. साग, ऐन आपल्या बांधावरचा असला तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. तसा १९६४ चा कायदा आहे.

पाय दगडावर ठेवा, झरोक्याला अर्ध्या इंचाहून बारीक जाळी मारा, अंडी रोज संध्याकाळी काढा. खुराड्याजवळ जमिनीवर कुणी झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. नुसता संशय आला तरी भगताकडे वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा. खुराडे पुन्हा बांधता येते, माणूस नाही.