सदरची कामगिरी

मराठी वाचकाला रहस्यकथेचे वेड जुने आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या आणि दिवाळी अंकांनीही ही हौस वर्षानुवर्षे पुरवली. रहस्यकथेत अटक शेवटच्या पानावर होते. वर्तमानपत्रात मात्र बातमीची सुरुवातच अटकेने होते आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. पुढे आरोपपत्र दाखल झाले का, खटला उभा राहिला का, माणूस सुटला की त्याला शिक्षा झाली, यातले काहीच वाचकाच्या कानावर येत नाही. यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही गुन्हेवार्तेला दिला, तो यासाठीच. विभागाकडे वळण्याआधी एका साध्या प्रश्नाचा विचार करू. अमुक माणसाला अटक झाली, हे पत्रकाराला कळते कसे?

तालुक्याच्या गावी वार्ताहर सकाळीच ठाणे अंमलदाराला फोन लावतो, ‘साहेब, रात्री काही विशेष?’ मुंबई-पुण्यात क्राइम बीट सांभाळणारा पत्रकार आयुक्तालयात आणि गुन्हे शाखेच्या युनिटांत फेरी मारतो, चहाच्या निमित्ताने ओळखी राखतो. कधी वकिलाचा फोन येतो, कधी ठाण्याबाहेर नातेवाइकांची गर्दी दिसते, तर कधी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीला आणलेला आरोपी कुणाच्या नजरेस पडतो. शेवटचे ठिकाण न्यायालय. अटकेपासून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते आणि तिथे पोलीस कोठडी का हवी, हे पोलिसांना कारणांसह सांगावे लागते. बचावाचा वकीलही तिथेच पहिल्यांदा तोंड उघडतो. खरे तर दोन्ही बाजू एकत्र ऐकू येतात अशी ही पहिली जागा. पण तिथे वार्ताहर अभावानेच फिरकतो, कारण बातमी आदल्या दिवशीच छापून झालेली असते.

ती येते पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. सोबत फोटो असतो. टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे पथकातले अधिकारी-कर्मचारी ओळीने उभे, पुढे जमिनीवर डोक्यावर काळे बुरखे घातलेले दोघे-तिघे. मजकुराचा साचा ठरलेला. गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळते, सापळा रचला जातो, संशयित इसम शिताफीने ताब्यात घेतला जातो, तो आधी उडवाउडवीची उत्तरे देतो, मग विश्वासात घेऊन विचारपूस करताच गुन्ह्याची कबुली देतो. शेवटचा परिच्छेद सर्वांत लांब. ‘सदरची कामगिरी’ मा. पोलीस अधीक्षकांच्या मार्गदर्शनाखाली कोणाकोणाच्या पथकाने केली, याची हवालदार-शिपायांपर्यंतची यादी. हा मजकूर दोन शब्द इकडे-तिकडे करून जसाच्या तसा छापला जातो. वर ‘मुसक्या आवळल्या’ हे शीर्षक बसले की काम झाले.

त्या बातमीकडे जरा बारकाईने पाहा. पुढे ओळख परेड घ्यायची असते, म्हणून फोटोत चेहऱ्यावर बुरखा चढवलेला असतो आणि फोटोखालीच आरोपीचे पूर्ण नाव, वय, गाव, गल्ली दिलेली असते. बातमीत कबुली ठळक असते. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते आणि आजचा भारतीय साक्ष अधिनियमही तेच सांगतो. न्यायालय ज्याकडे पुरावा म्हणून बघणारही नाही, ते आपण सकाळच्या चहाबरोबर निकाल म्हणून वाचतो.

अटक उघडपणे व्हावी, तिची माहिती सर्वांना मिळावी, असा कायद्याचाही आग्रह आहे. पण तो निराळ्या कारणासाठी. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्या हाच त्या पत्राचा आधार होता. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा, नातेवाइकाला कळवावे, आणि अटक केल्यापासून १२ तासांत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला माहिती देऊन ती ठळक फलकावर लावावी. पुढे फलकाची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ तर त्याच्याही पुढे जाते. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे, डिजिटल माध्यमातूनही, लावायचे आहे. त्यासाठी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायचा आहे.

या फलकाचा हेतू माणूस कोठडीत हरवू नये, एवढाच आहे. कोण, कुठे, कशासाठी अडकला आहे, हे बायकोला, भावाला, वकिलाला आणि पत्रकारालाही कुणाच्या मेहरबानीशिवाय कळावे. प्रेसनोटने हा हेतूच उलटा केला. अटक झालेल्याच्या रक्षणासाठी जी माहिती फलकावर लागायची, ती अटक करणाऱ्याच्या कौतुकासाठी ग्रुपवर पडते. फलक सर्वांचा असतो, ग्रुपवर कोणाला ठेवायचे ते साहेब ठरवतात. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या वार्ताहराला उद्याची बातमी चुकण्याची धास्ती असते. तुटपुंज्या मानधनावर जिल्ह्याची पाने भरणाऱ्या माणसाला एकट्याने दोष देऊन आपण सुटू शकत नाही. मालकाला बातमी फुकट हवी असते आणि पोलिसांकडून ती फुकट मिळते.

याची किंमत कधी कधी पत्रकारालाच मोजावी लागते. जून २०११ मध्ये पवईत ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये त्याच प्रकरणात जिग्ना व्होरा या पत्रकार महिलेला गुन्हे शाखेने अटक केली आणि मोक्का लावला. अटकांच्या बातम्या आणणे हेच जिचे काम, ती रातोरात स्वतः बातमी झाली. सूत्रांच्या हवाल्याने तिच्याविषयी काय काय छापले गेले, ते तिच्याच व्यवसायबंधूंनी छापले. भायखळ्याच्या तुरुंगात तिने सुमारे नऊ महिने काढले. मे २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने तिची निर्दोष मुक्तता केली आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अटक आणि मुक्तता यांच्यात साडेसहा वर्षे गेली. तिचे नाव माहितीतले, तिने पुस्तकही लिहिले, म्हणून तिची सुटका लोकांना कळली तरी. गावातल्या गल्लीपत्त्यासह छापल्या गेलेल्या माणसाच्या सुटकेची प्रेसनोट कोण काढणार? सुटका ही कोणाचीच ‘सदरची कामगिरी’ नसते.

न्यायालयांनी कान उपटले नाहीत असे नाही. एल्गार परिषद प्रकरणातल्या अटकांनंतर ३१ ऑगस्ट २०१८ रोजी राज्य पोलिसांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन जप्त केलेली म्हणून पत्रे वाचून दाखवली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसे चालते, असा सवाल मुंबई उच्च न्यायालयाने त्यानंतर तीनच दिवसांनी केला. सुशांतसिंह राजपूत प्रकरणी याच न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांना मर्यादा घालून दिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी सविस्तर नियमावली करायला केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितले. तिकडे ब्रिटनमध्ये पोलीस आरोप ठेवल्याशिवाय संशयिताचे नाव सहसा जाहीर करत नाहीत. गायक क्लिफ रिचर्ड यांच्या घराच्या झडतीचे चित्रण बीबीसीने २०१४ मध्ये हेलिकॉप्टरमधून दाखवले. त्यांना ना अटक झाली होती, ना त्यांच्यावर कधी आरोप ठेवला गेला. २०१८ मध्ये न्यायालयाने बीबीसीला २ लाख १० हजार पौंडांची भरपाई द्यायला लावली.

मग अटकेच्या बातम्याच बंद कराव्यात का? तसे म्हणणाऱ्यांनी १९७५ ची आणीबाणी आठवावी. २५ जूनच्या रात्रीपासून माणसे घरांतून उचलली गेली आणि अटकेतल्यांची नावे छापायला सेन्सॉरने बंदी घातली. कोण कोणत्या तुरुंगात आहे, हे घरच्यांना कुजबुजीतून शोधावे लागले. अटक लपवण्याची मुभा सरकारला मिळाली की काय होते, ते महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी तेव्हा भोगले. त्यामुळे बातमी हवीच. ती कोणाकडून आणि कोणाच्या शब्दांत मिळावी, हा खरा मुद्दा आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. अटकेची माहिती फलकावरून मिळावी. त्यात नाव, ठाणे, कलम आणि अटक करणारा अधिकारी असावा. कबुलीची कहाणी आणि बुरख्यांचा फोटो नसावा. बातमीदाराने न्यायालयात जाऊन वकिलाचे म्हणणेही घ्यावे. आरोपपत्राविना किंवा निर्दोष सुटलेल्या माणसाची नोंद त्याच फलकावर व्हावी आणि ज्या पानावर अटक छापली, त्याच पानावर सुटकाही छापावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो पाळायचा आहे आणि संपादकांनी थोडी जागा राखायची आहे.

  

वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा आणि एक विनंती. फराळातून सवड मिळाली की आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जा आणि कलम ३७ चा फलक कुठे आहे, ते विचारा. फलक असेल तर वाचा, नसेल तर लेखी मागणी करा आणि काय उत्तर मिळाले ते आम्हाला कळवा. आलेली उत्तरे आम्ही छापू.