अधिसूचना निघण्याआधी सातबारावर नाव लावा

वणी, राजुरा, भद्रावतीकडच्या बायांनो आणि त्यांच्या घरच्या बाप्यांनो,

ज्या गावांत कोळशासाठी जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे, तिथल्यांनी हे आजच वाचावं. जिथे ती झाली, तिथल्या बायांना यातलं बरंच उशिरा सांगितल्यासारखं होईल.

माझ्या आत्याने तीस वर्षं एकाच वावरात निंदण केलं, कापूस वेचला, तूर सोंगली. ते वावर खाणीत गेलं. मोबदला आतोबांच्या खात्यात आला, नोकरी थोरल्या मुलाला लागली. आत्याची सही कुठेच लागली नाही, कारण सातबारावर ती नव्हतीच. घराचा स्लॅब, दोन मोटारसायकली, धाकट्याचं लग्न, एवढ्यात पैसा संपला. आता वेचणीच्या दिवसांत ती ऑटोत बसून लांबच्या गावी मजुरीला जाते. मुकादम वय पाहून नको म्हणाला की भाडं खर्चून रिकामी परतते. पूर्वी घरच्या वावरात तिला नको म्हणणारं कोणी नव्हतं.

खाणीने गावात पैसा येतो, हे खरं. पण कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी, आणि घरात ती कोणाला द्यायची हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. १९५२ च्या खाण कायद्याने तर बाईला भूमिगत खाणीत कामाला मनाई होती; ती २०१९ मध्ये सैल झाली. विहिरीचं पाणी खोल गेलं, शेळ्यांचं रान ढिगाऱ्याखाली गेलं, की त्याचा भार मात्र आपल्याच डोक्यावर येतो. त्याची भरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो: सातबारा कोणाच्या नावे?

म्हणून आधी नाव लावा. ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ही सोय १९९२ पासून आहे, आणि अजूनही किती घरांत ती माहीतच नाही! बाप्यांनो, यात तुमचं काही कमी होत नाही.

घाई का करायची, तेही सांगते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाली की जमिनीच्या व्यवहारांवर बंदी येते. कोळशासाठी वापरतात तो १९५७ चा कायदा याहून कडक: कलम ९ ची घोषणा राजपत्रात आली की जमीन थेट केंद्र सरकारची होते. मग नाव लावायचं कशावर?

विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या बहिणींनो, २०१३ चा कायदा तुम्हाला स्वतंत्र कुटुंब मानतो. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने तुम्हाला दिराच्या किंवा भावाच्या घरात मोजलं तर गप्प बसू नका. लेखी हरकत द्या.

ज्यांची जमीन गेली पण मोबदला यायचा आहे, त्यांनी नवरा-बायकोचं संयुक्त खातं उघडावं.

नागपूर-पुण्यात राहणाऱ्या लेकांनो, आज रात्री घरी फोन करा. ‘आई, सातबारावर तुझं नाव आहे का?’ एवढंच विचारा. नसेल तर सुट्टी काढून गावी या आणि बाबांना सोबत घेऊन तलाठ्याकडे जा. सातबारा, आठ-अ आणि दोघांचे आधार जवळ ठेवा. पोच हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.